ईटच्या चढणीचा दुसरा गेर

परंड्यात ‘अक्कांची मोटर’ म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नसे. सकाळी ती कुर्डुवाडीला जायची, आगगाडीचे उतारू घेऊन परत परंड्याला यायची, तिथून भूम आणि भूमच्या पुढची चढण चढून ईट. ऊन कललं की ईटहून उतरायची आणि दिवेलागणीच्या आत घरापुढच्या लिंबाखाली उभी राहायची. लढाईचे दिवस होते. पेट्रोल कुपनावर मिळे, तेही मिळालं तर. म्हणून मोटरीच्या पाठीमागं कोळशाच्या गॅसची उंच भट्टी बसवली होती. भट्टी पेटून गॅस धरेपर्यंत उतारू तंबाखू मळत बसत, बाया पोरांना पाजून घेत. घाई कुणालाच नसे, कारण त्या वाटेला दुसरी मोटरच नव्हती.

अक्का म्हणजे शिवगंगा. माहेर लोहाऱ्याचं. तिथं घरात कानडी, बाजारात मराठी आणि कचेरीत उर्दू, त्यामुळं तिन्ही बोलींत त्यांची जीभ सारखीच चाले. परंड्याच्या कल्याणप्पांशी लग्न होऊन त्या इकडं आल्या. कल्याणप्पांचा धंदा करडईच्या तेलाचा आणि सरकीचा, पण जीव मोटरीवर. हौसेनं मोटर घेतली, चाँदपाशांना ड्रायव्हर ठेवलं, आणि पुढं विषमज्वरानं गेले. दुःखाचे दिवस सरले तसा धाकटा दीर गुरुसिद्धप्पा म्हणाला, “वहिनी, मोटर विकून टाकू. तेलाचं दुकान मी बघतो, तुमी निवांत घरात बसा.”

शिवगंगाक्कांनी चाँदपाशांना बोलावून विचारलं, “पाशाभाई, मोटर नुसती उभी ठिवली तर काय होतं?”

“गंजती, अक्का.”

“मग उद्या काढा.”

आणि दुसऱ्या दिवशी इष्टलिंगाची पूजा उरकून, कपाळाला विभूती लावून, त्या स्वतः पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. गावात कुजबुज झाली. सासूबाई सिद्धम्मांच्या कानावर ती गेली तेव्हा त्या माऊलीनं शेजारणीला एवढंच सांगितलं, “दुकानात बसली आस्ती तर कुणी काय म्हनलं आस्तं का? मग ही बी दुकानच हाय. चाकावरचं.”

तेव्हापासून अक्का रोज मोटरीत. तिकिटाचं त्या बघत, गाठोडी कुठं ठेवायची ते सांगत, माहेरवाशिणीला खिडकीजवळ जागा करून देत. मोटर त्यांना चालवता येत नव्हती आणि तसा हव्यासही नव्हता. पण पाशाभाईंच्या शेजारी बसून बसून तिचे सगळे आवाज त्यांच्या ओळखीचे झाले होते. सुनेला सासूच्या खाकरण्यावरनं कळतं ना, आता पाणी पाहिजे का पानपुडा, तसं.

त्या साली होळी झाली आणि मोटरीचा दुसरा गेर सुटायला लागला.

सुटायला म्हणजे असं. चढावर पाशाभाई दुसरा गेर टाकायचे, मोटर जरा हुंकार देऊन चढायला लागायची, आणि मध्येच दांडा आपोआप मागं सरकून गेर निघून जायचा. इंजिन नुसतंच भणभणायचं आणि चाकांचा जोर जायचा. सपाटीला त्याचं काही वाटत नसे. पहिल्यावरून एकदम तिसऱ्यावर घेतलं, जरा धुसफुसली, पण चालली. ईटच्या चढणीला मात्र दुसऱ्याशिवाय इलाज नव्हता. कोळशाच्या गॅसवर इंजिनाला आधीच जोर कमी. तिसऱ्यावर ते मरायचं, आणि पहिल्यावर सबंध चढण काढायची तर पाणी उकळून झाकण उडायचं. मग पाशाभाईंनी युक्ती काढली. चढण आली की अक्कांनी दोन्ही हातांनी दांडा दाबून धरायचा. अक्का धरायच्या. दांडा हाताखाली असा थरथरायचा की वर पोचेपर्यंत कोपरापर्यंत मुंग्या येत.

“पाशाभाई, हे जित्राब किती दिवस आसं धरून ठिवायचं?”

“बघतो अक्का. जरा सवड होऊ द्या.”

सवड होण्याआधी ईटचा बाजार आला. मोटर खच्चून भरलेली. टपावर गुळाच्या ढेपा, आत माणसं, एक बाळंतीण माहेरून सासरी निघालेली. चढणीच्या मधोमध दांडा अक्कांच्या हातांना न जुमानता असा उसळला की त्यांची पकडच सुटली. गेर गेला. मोटर क्षणभर जागेवर थबकली आणि हळूहळू मागं सरायला लागली. पाशाभाईंनी पायाचा ब्रेक दाबला, हाताचा ओढला, तोंडानं अल्लाचं नाव घेतलं. मागच्या दारातल्या लोकांनी उड्या टाकून चाकांखाली धोंडे सारले. मोटर थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. बाळंतिणीचं पोर तर जागंही झालं नाही.

पण आता पुढं जाता येईना आणि मागंही येता येईना. तेवढ्यात खालून धुळाप्पाची गाडी आली. धुळाप्पा ईटचा जुना गाडीवान. मोटर येण्याआधी भूम ते ईट सगळी ने-आण त्याच्या आणि त्याच्या भाऊबंदांच्या बैलगाड्यांवर होती. मोटर सुरू झाल्यापासून तो अक्कांना रामराम घालत नसे. त्या दिवशी त्यानं गाडी थांबवली, मोटरीभोवती एक फेरी मारली, धोंडे बघितले, बाळंतिणीला बघितलं, आणि आपली बैलं सोडायला लागला. मागून येणाऱ्या गाड्यांनाही त्यानं हात केला. बघता बघता चार जोड्या मोटरीला जुंपल्या गेल्या. माणसं मागून रेटत होती, बैलं पुढून ओढत होती, पाशाभाई आत चाक धरून मान खाली घालून बसले होते. अशी ती वरात ईटला पोचली तेव्हा बाजार सोडून लोक बघायला आले होते.

अक्का धुळाप्पाला काही द्यायला गेल्या. त्यानं हात मागं घेतला.

“ऱ्हाऊ द्या. आमच्या बैलास्नी काय रोज मोटर वढायला मिळतीय व्हय.”

हे बोलताना तो हसला नाही. अक्कांना मात्र हसू आलं, आणि ते लपवायला त्यांनी पदर तोंडाशी धरला.

उतारानं मोटर कशीबशी घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी लिंबाखाली पोतं अंथरून पाशाभाईंनी गेरची पेटी उघडली. काळ्या तेलात बुडालेली दातेरी चाकं त्यांनी एकेक करून बाहेर काढली, रॉकेलनं धुतली आणि पोत्यावर मांडली. दुसऱ्या गेरच्या चाकाचे दाते म्हाताऱ्या माणसाच्या दाढांसारखे झाले होते. कुठं गुळगुळीत, कुठं टवके उडालेले. अक्का जवळ येऊन बसल्या. गुरुसिद्धप्पाही दुकान नोकरावर टाकून आला.

“नवं चाक कुठं मिळंल?” अक्कांनी विचारलं.

“सोलापुरात न्हाय, मुंबईत न्हाय. जहाजं लढाईत गुतलीत. तिकडनं सामान येतच न्हाय.”

“मग?”

गुरुसिद्धप्पाकडं तोड तयार होती. भूमजवळ एका जहागीरदाराच्या गढीमागं ह्याच बनावटीची जुनी लॉरी कैक वर्षं पडून होती. तिची सगळी गेरपेटीच उचलून आणायची आणि हिच्यात बसवायची. जहागीरदाराच्या कारभाऱ्याशी तो बोलूनही आला होता. पाशाभाईंना बार्शीचा एक मिस्त्री माहीत होता. तो झिजलेल्या दात्यांवर पितळ भरून, कानशीनं घासून पुन्हा आकार द्यायचा. काम झटपट व्हायचं. आणि तिसरी वाट कुर्डुवाडीची. तिथं उत्तरेश्वर नावाचे एक म्हातारे टर्नर होते, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. घराशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी लोखंड कातायचा स्वतःचा लेथ घातला होता. ते पोलादातून नवं चाक कापून देतील, पण त्यांचं काम गोगलगाईच्या चालीचं, असं सगळे म्हणत.

“वहिनी, लगीनसराई तोंडावर आलीय,” गुरुसिद्धप्पा म्हणाला. “म्हैनाभर मोटर उभी ऱ्हायली तर लोक दुसरी सोय बघतील. लॉरीची पेटी आना, इषय संपला.”

अक्कांना त्याचं म्हणणं पटलं नाही असं नाही. पण न बघता होय म्हणायचा त्यांचा स्वभाव नव्हता. कापड घ्यायचं तरी त्या ठाणाचं दुसरं टोक उलगडून बघत. त्या म्हणाल्या, “भावजी, तिन्हीबी बघू. मग ठरवू.”

आधी भूमला गेले. गढीमागं एरंडाच्या झुडपात ती लॉरी होती. टप गेला होता, गादीवर कोंबड्या अंडी घालत होत्या. पाशाभाई खाली शिरले, बराच वेळ ठोकठाक केली आणि बाहेर येऊन सुतळीनं मापं घेतली. पेटी तीच होती, पण मागचा शाफ्ट वीतभर लांब. कापून, जोडून बसवता आला असता. “बसंल अक्का,” पाशाभाई म्हणाले. “पन हिचे दातबी आपल्या वळखीचे न्हाईत. उघडून बघितलं तर दुसरा गेर बरा दिसतो, तिसरा मातुर खाल्लेला हाय. एक दुखनं काढून दुसरं घालायचं.”

बार्शीचा मिस्त्री प्रामाणिक माणूस निघाला. त्यानं पितळ भरलेलं एक चाक दाखवलं, सोन्याच्या दातासारखं चमकत होतं. अक्कांनी विचारलं, “चढाला टिकंल का?” त्यानं चाक खाली ठेवलं. “बाई, सपाटीला मी हमी देतो. चढाला देत न्हाई. पितळ पोलादाशी किती झगडणार?”

राहिली कुर्डुवाडी. चाकं जुन्या लुगड्यात बांधून दोघं टांग्यानं निघाले. सीना ओलांडण्याआधी करोडगिरीचा नाका होता. निजामाच्या हद्दीतून इंग्रजांच्या हद्दीत जाणारं गाठोडं तिथं उघडून बघत. नाक्यावरच्या मुन्शीनं गाठ सोडली, काळी चाकं बघितली आणि भुवया उंचावल्या.

“ये क्या है, अक्का?”

“आमच्या मोटरीची कवळी हाय, मुन्शीजी. बसवून आनायला चाललोय.”

मुन्शी भूमचा. ईदला घरी जायचा तो ह्याच मोटरीनं. त्यानं गाठ पुन्हा नीट बांधून दिली आणि म्हणाला, “जल्दी बिठाओ. ईद को हमें पैदल मत चलाओ.”

उत्तरेश्वर मिस्त्री शेडच्या दारात चष्मा पुसत बसले होते. त्यांनी चाक हातात घेतलं, दात्यांवरून अंगठा फिरवला, मग उजेडाकडं धरून एका डोळ्यानं बघितलं. मग दुसरं चाक तसंच बघितलं. पाशाभाई चुळबुळायला लागले. अक्का मात्र लेथकडं बघत होत्या. खाली पोलादाचे निळसर, कुरळे कीस पडले होते, अगदी पोरीच्या बटांसारखे.

“दाते सारखे झिजले न्हाईत,” अखेर मिस्त्री म्हणाले. “एकाच अंगानं झिजलेत. हे बघा, ह्या कडेला हाय तसे, आन् त्या कडेला चपटे. म्हंजे चाकाचा दोष न्हाय. ज्या दांड्यावर चाक फिरतंय त्यो दांडाच तिरका पळतोय. त्याचं बेरिंग ढिलं झालं आसंल.”

अक्कांनी विचारलं, “म्हंजे जात्याचा खुंटा ढिला झाला की वरची पाळ एकीकडंच घासती, तसं?”

“तसंच बघा.”

“आन् खुंटा तसाच ठिवून पाळीला टाकी लावून टोचून घेतली तर?”

“लावा की. चार दिस दळंल.” म्हातारा पहिल्यांदा हसला. “मग पुन्ना टाकीवाला बोलवा.”

पाशाभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. “बेरिंग म्या हालवून बघितलं व्हतं. थोडं हालत व्हतं. मला वाटलं, एवढं चालतंय.”

“समद्यांस्नीच तसं वाटतंय,” मिस्त्री म्हणाले. “रेल्वेतबी वाटायचं.”

आता अक्कांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पितळ भरा, लॉरीची पेटी बसवा, काहीही करा. दांडा तिरका पळतो तोवर तो नवे दातेही खाणार. आणि पुढच्या वेळी चाकाखाली धोंडे सारायला माणसं वेळेवर उतरतीलच असं नाही. ती बाळंतीण त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

“मिस्त्री, तुमी करा. चाकाची जोडी नवी करा. पन बेरिंग कुठनं आनायचं?”

“तेच मला जमायचं न्हाय. गोळ्यांचं बेरिंग काय लेथवर व्हत न्हाय.”

टांगा परत फिरला. सीनेचं पात्र ओलांडून आल्यावर अक्का एकदम म्हणाल्या, “पाशाभाई, त्या लॉरीचं बेरिंग?”

पाशाभाईंनी वळून बघितलं. त्यांच्या दाढीत हसू पसरत गेलं. “आख्खी पेटी न्हाय आनली तरी बेरिंग आनता येतं की. ती लॉरी पळाली किती? जहागीरदार साहेब शिकारीला न्यायचे, तेवढंच.”

घरी येऊन अक्कांनी हे सांगितलं तेव्हा गुरुसिद्धप्पाचा चेहरा खुलला. आपली लॉरी अगदीच वाया गेली नाही, ह्याचा त्याला कोण आनंद. दुसऱ्या दिवशी तो स्वतः पाशाभाईंबरोबर जाऊन बेरिंग काढून घेऊन आला आणि चिंधीत गुंडाळून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. सिद्धम्मांनी त्यावर हळदकुंकू वाहिलं.

पण लग्नसराईचा प्रश्न तसाच होता. मिस्त्रींनी चाकांची मापं आणि मेणावर दात्यांचे ठसे घेऊन जुनी चाकं परत दिली होती, म्हणजे मोटर जोडून सपाटीवर चालवता येणार होती. कुर्डुवाडी, परंडा, भूम ठीक. भूमच्या पुढं चढण. गुरुसिद्धप्पा म्हणाला, “भूमलाच उतारू सोडायचे. पुढचं त्यांचं ते बघतील.”

“ईटच्या लोकांनी काय घोडं मारलंय आपलं? त्यांच्यापातूर जाती म्हनून तर ती मोटर हाय,” अक्का म्हणाल्या.

मोटर जोडून झाली तशी अक्का भूमपर्यंत मोटरीनं गेल्या आणि पुढं चढणीच्या पायथ्यापर्यंत चालत. तिथं चिंचेखाली गाडीवानांचा अड्डा होता. धुळाप्पा बैलाच्या खुरातला काटा काढत बसला होता. अक्कांना बघून तो उठला नाही, पण बसायला पोतं पुढं सरकवलं.

“धुळाप्पा मामा, एक इचारायला आलेय.”

“इचारा.”

“गेर नवा व्हईस्तवर मोटर पायथ्याला थांबंल. हितनं वर माणसं तुमी नेता का? तिकीट एकच, कुर्डुवाडी ते ईट. तुमचा वाटा तुमाला.”

धुळाप्पानं काटा काढून फेकला. बैलाच्या पायावरून हात फिरवला.

“अक्का, मोटर आली तवा आमाला कुणी इचारलं न्हाय.”

“न्हाय इचारलं. मालक आसते तर त्यांनीबी इचारलं नसतं, आन् मला तवा काय कळत नव्हतं. आता इचारायलेय.”

“आन् गेर झाला म्हंजे? पुन्ना आमी चिंचंखाली?”

ह्याचा विचार अक्कांनी वाटेत केला होता. त्यांनी चढणीवरच्या रस्त्याकडं बघितलं. वर ईट, आणि ईटच्या आजूबाजूला किती वाड्या, किती वस्त्या. मोटरीतून उतरलेली माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन तिकडं चालत जाताना त्यांनी रोज बघितली होती.

“ईटपातूर मोटर. ईटच्या पुढं वाड्या-वस्त्यांवर तुमच्या गाड्या. तिकीट माझ्याकडंच फाडायचं, म्हंजे उतारूलाबी घासाघीस न्हाय आन् तुमाला वाट बघत बसायला नको. माळ्याच्या वस्तीला कुनाची गाडी, तांड्याला कुनाची, ते तुमचं तुमी ठरवा.”

बाकीचे गाडीवान जवळ सरकले होते. कुणीतरी चिलीम खाली ठेवली. धुळाप्पानं बैलाची पाठ थोपटली, जणू त्यालाच विचारत होता.

“पाळी आमची आमी लावनार,” तो शेवटी म्हणाला. “त्यात तुमच्या दिरानं बोलायचं न्हाय.”

“न्हाय बोलनार.”

“मग उद्यापासनं.”

ती लग्नसराई ईटला आजही आठवत असेल. मोटर पायथ्याला थांबायची. बैलांच्या गळ्यात घुंगरं, गाड्यांवर गोधड्या अंथरलेल्या. नवरदेव मोटरीतून उतरून गाडीत चढायचा. एका लग्नाला तर मुलीकडचे वाजंत्री घेऊन पायथ्यापर्यंतच सामोरे आले. चढणभर सनई-हलगी, पुढं बैलांच्या शिंगांना गोंडे, मागं करवल्या हसताहेत. वरमाईनं अक्कांना मुद्दाम जवळ बोलावून सांगितलं, “मोटर बिघडली ते लई ब्येस झालं बाई. नुसत्या मोटरीनं आलो आस्तो तर वरात कशी दिसली आस्ती?”

पाशाभाईंना एवढी गोष्ट जरा लागली. “आमची मोटर कधी कुणाला आवडंल का न्हाय,” असं ते भट्टीत कोळसे घालताना पुटपुटले.

उत्तरेश्वर मिस्त्री लोक म्हणत त्यापेक्षाही सावकाश निघाले. आगगाडीच्या जुन्या आसाचं पोलाद त्यांनी मिळवलं, ते कापलं, दाते पाडले, एक चाक पसंत पडलं नाही म्हणून बाजूला टाकलं आणि पुन्हा केलं. मग भट्टीत लाल करून तेलात विझवलं, त्याला ते पाणी पाजणं म्हणत. पाशाभाई कुर्डुवाडीला मोटर गेली की रोज शेडमध्ये डोकावत, आणि परत येऊन अक्कांना सांगत, “आज दोन दात झाले,” “आज नुसता चहाच झाला.” एके दिवशी मात्र ते काहीच न बोलता आले आणि मोटरीतून मिस्त्रींनाच हाताला धरून उतरवलं. म्हाताऱ्यांना आपली चाकं दुसऱ्यानं बसवलेली चालणार नव्हती.

मिस्त्री परंड्यात राहिले. सिद्धम्मांच्या हातची बाजरीची भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन त्यांचा मुक्काम लांबतच गेला. दिवसभर लिंबाखाली ते आणि पाशाभाई पेटीत डोकं घालून बसत, आणि भांडत. पाशाभाईंचं म्हणणं पेटीत जाड तेल पाहिजे. मिस्त्री म्हणत, पातळ घाला, दात्याच्या मुळापर्यंत गेलं पाहिजे. फातिमाबी, पाशाभाईंची बायको, दुपारी चहा घेऊन येई तेव्हा दोघं तिलाच पंच नेमत. ती म्हणे, “मला इचारू नका. माझ्या घरी करडईचंच तेल लागतंय.” शेवटी दोन्ही तेलं मिसळून घातली. लॉरीचं बेरिंग जागी बसलं तेव्हा ‘टक्’ असा आवाज झाला, आणि भांडण तिथंच संपलं. मिस्त्रींनी चाकांचा दांडा हातानं फिरवून बघितला. कुठंही हेलकावा नव्हता. त्यांनी चष्मा काढून खिशात घातला. त्यांचं काम संपलं होतं.

पहिल्या फेरीला मोटर मुद्दाम भरूनच काढली. मिस्त्री पुढच्या बाकावर खिडकीशी, अक्का मध्ये. गुरुसिद्धप्पा दुकान बंद ठेवून मागं बसला होता. भूम गेलं, चिंच गेली, चढण आली. पाशाभाईंनी दुसरा गेर टाकला. अक्कांचे दोन्ही हात सवयीनं दांड्यावर गेले.

“अक्का, हात काढा,” पाशाभाई म्हणाले.

त्यांनी हात काढले आणि ते कुठं ठेवावेत हे त्यांना सुचेना. मांडीवर ठेवले. मोटर चढत होती, सावकाश, एका सुरात, दळण घातलेल्या जात्यासारखी घरघरत. कुठं अडखळणं नाही, उसळणं नाही. अर्धी चढण सरली, जिथं धोंडे लावले होते ती जागाही गेली. पाशाभाईंनी काहीतरी बोलायला मान वळवली आणि गप्प बसले. अक्का मिस्त्रींच्या खांद्यावर मान टाकून झोपी गेल्या होत्या. किती दिवसांची झोप होती कोण जाणे. म्हातारा अवघडून बसला होता, पण हलला नाही.

वर धुळाप्पा आणि गाडीवान वाट बघत उभे होते, गाड्या वाड्या-वस्त्यांच्या दिशेला तोंड करून. मोटर थांबली तशी अक्का जाग्या झाल्या, पदर सावरला आणि खाली उतरून कुणी कुठं जायचं ते सांगायला लागल्या. बोलल्याप्रमाणं तिकिटं त्यांच्याकडं, पाळ्या धुळाप्पाकडं. गुरुसिद्धप्पाला एक-दोनदा मध्ये बोलायची उबळ आली, पण त्यानं जीभ आवरली.

ही घडी पुढं बरीच वर्षं टिकली. निजामाचं राज्य गेलं, सरकारी मोटरी आल्या, तोवर.

त्याच साली पाऊसकाळ संपल्यावर अक्का स्वतःच्या मोटरीनं माहेरी गेल्या. सासूबाई, दीर, जाऊ, फातिमाबी, सगळ्यांना घेऊन. तुळजापुराचा घाट पाशाभाईंनी बोलत बोलत काढला. लोहाऱ्यात वडील, वीरप्पा, ओट्यावर बसले होते. लेक विधवा झाली आणि मोटरीवर बसते हे ऐकून त्यांनी मधल्या काळात तिच्याशी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. काठी टेकत ते उठले, मोटरीभोवती फिरले, भट्टीला हात लावून बघितला, आतल्या गाद्या दाबून बघितल्या. मग पुढच्या बाकावर चढून बसले आणि पाशाभाईंना खूण केली, चालवा. वेशीपर्यंत जाऊन मोटर परत आली. म्हातारबुवा उतरले, उपरण्यानं तोंड पुसलं.

“छलो ऐती,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ‘चांगलं आहे’ एवढं निघणं म्हणजे फार झालं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मग लेकीकडं न बघताच त्यांनी विचारलं, “आत किती मानसं बसत्यात?”

“बसवाल तेवढी, अप्पा.”

“मग उद्या गावातल्या म्हाताऱ्यांना घिऊन देवाला जाऊ. मी पुढं बसनार.”

अक्का आत स्वयंपाकघरात गेल्या आणि आईच्या शेजारी पाटावर बसून उद्याच्या शिदोरीच्या भाकरी थापायला लागल्या.